पत्ता सांगा, मग रॅप ऐकतो

रॅपर गाण्यात शिरतो तो आधी स्वतःचं नाव सांगतो, मग शहराचं, मग वस्तीचं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर पिनकोडही सांगून टाकतो. इतकी माहिती आपण बँकेत केवायसी करतानासुद्धा काउंटरवरच्या माणसानं दोनदा खेकसल्याशिवाय देत नाही. धारावीच्या एमसी अल्ताफचं ‘कोड मुंबई १७’ म्हणजे ४०००१७ चं शेपूट. कुर्ल्याच्या नेझीवर २०१४ मध्ये लघुपट निघाला, त्याचं नावच ‘बॉम्बे ७०’. अंधेरीच्या जे. बी. नगरमधून आलेला डिव्हाइन ५९ हा आकडा असा मिरवतो, की त्या भागातल्या पोस्टमनचा ऊर भरून यावा.

या सगळ्या पोरांनी एका माणसाचे आभार मानायला हवेत, आणि तो माणूस मराठी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर. दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या डोक्यातून. त्यानंतर वर्ष भरायला चार दिवस उरले असताना, ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या डीजेनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या आणि तिथं हिपहॉप जन्माला आलं, असं जग मानतं. कुठं? १५२०, सेजविक अव्हेन्यू. जन्मस्थळसुद्धा घर क्रमांकासकट.

वेलणकरांनी एक विलोमकाव्य लिहिलं आहे. सुलट वाचलं की रामाची स्तुती, उलट वाचलं की कृष्णाची. दिल्लीत क्रिश्ना नावाचा एक रॅपर आहे, शब्दांच्या कसरतीत आज त्याचा हात धरणारे थोडे. तो इंग्रजीत आपल्या नावात एस ऐवजी डॉलरचं चिन्ह घालतो. मला वाटतं या दोघांची एक बैठक व्हायला हवी होती. कृष्ण दोघांकडेही आहे. एकाकडे उलट वाचल्यावर येतो, दुसऱ्याकडे वटवल्यावर.

तर माझा नियम साधा आहे. ज्या गाण्यावरून मला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही, ते गाणं मी रॅप म्हणून पास करत नाही. ‘मी रस्त्यावरून आलोय’ एवढं पुरत नाही. रस्त्यावरून सगळेच येतात. कुठला रस्ता, डावीकडे काय, उजवीकडे कुणाचं दुकान, रात्री पोलिसांची गाडी कुठं थांबते, हे सांगितलं पाहिजे. बाकी सोन्याची साखळी, मोटार, माझ्यावर जळणारे लोक वगैरे माल कुठल्याही शहरात सारख्याच भावानं मिळतो.

आता माझी अडचण. मी कोथरूडचा, ४११०३८. माझ्या पिनकोडवर कुणी रॅप केलेला माझ्या कानावर आलेला नाही, आणि करू नये असंच माझं मत आहे. आमच्याकडे गल्ली नाही, ‘लेन नंबर’ आहे. कोपऱ्यावर टोळकं उभं असतं ते अमृततुल्यासमोर, आणि त्यांच्यातला राडा कुणाच्या मुलाचं ग्रीनकार्ड आधी झालं यावरून असतो. मात्र हिपहॉपला लागणारं वैर इथं मुबलक आहे. रॅपमध्ये ‘सबलिमिनल’ म्हणून एक प्रकार असतो. शत्रूचं नाव घ्यायचं नाही, पण टोला असा हाणायचा की ऐकणाऱ्या प्रत्येकाला माणूस कळावा. अमेरिकेत या कलेवर तासतासभर चर्चा झडतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज सकाळी सादर होते. ‘काही सभासद आपले पाळीव प्राणी गच्चीवर नेतात. सुज्ञांस सांगणे न लगे.’ अख्ख्या सोसायटीत कुत्रा एकच आहे. त्यावर दहा मिनिटांत कुत्रेवाल्यांचं उत्तर: ‘काही सभासद गेली तीन वर्षे मेंटेनन्स भरत नाहीत. असो.’ हा ‘असो’ ऐकून कुठल्याही रॅपरनं माइक खाली ठेवावा.

याच शहरात पुणे स्टेशनच्या मागं ताडीवाला रोड आहे. वनाजहून मेट्रोत बसलं की गाडी न बदलता स्टेशनला उतरता येतं, पण आमचे लोक तिथं उतरतात ते मुंबईची गाडी पकडायला. एमसी स्टॅन त्या ताडीवाला रोडचा. लहानपणी कव्वालीत रमलेला मुलगा. २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ अल्बम आला तेव्हा अर्धे गुण मी नावालाच देऊन टाकले. शहराच्या हद्दीबाहेर काढल्याची पोलिसी नोटीस अल्बमच्या कपाळावर लावायची, म्हणजे पत्ता नसण्याचाही पत्ता सांगायचा. स्टॅनचा आवाज ऑटोट्यून नावाच्या यंत्रातून चिरकत, घसरत येतो. आमच्या शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकून मला विचारलं, ‘कुणाचा घसा बसलाय का? मिठाच्या गुळण्या करायला सांगा.’ पण ‘तडीपार’मध्ये त्या यंत्राच्या मागं माणूस आहे आणि तो दुखावलेला आहे, हे कळतं. २०२२ च्या ‘इन्सान’मध्ये यंत्र तेच, माणूस मात्र मधूनमधून बाहेर गेल्यासारखा वाटतो. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, तुझे कान २०२० मध्येच सेट झालेत.’ भाचा एकवीस वर्षांचा आहे. या वयात कुणालाही काहीही सेट झाल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टॅन ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला. २०२४ मध्ये नेझी ‘बिग बॉस ओटीटी’त उपविजेता ठरला. १९९२ मध्ये ‘ठंडा ठंडा पानी’ काढून देशाला रॅप ही चीज दाखवणारा बाबा सहगल तर पहिल्याच पर्वात त्या घरात राहून आलेला. भारतीय रॅपरला निवृत्तिवेतन नाही, ही सोय तेवढी आहे. त्या घरालाही पिनकोड असणार. त्यावर अजून कुणी गाणं केलेलं नाही, यातच काय ते आलं.

रॅपरचे अल्बम ओळीनं ऐकले की त्याची घरं कशी बदलत गेली ते कळतं. पहिला अल्बम चाळीतल्या खोलीचा: छत गळतंय, आई राबतेय, दोस्त खाली हाका मारतायत. दुसरा विमानतळावरचा. तिसरा एकविसाव्या मजल्यावरचा. त्यात माणूस काचेतून खाली बघत ‘वर फार एकटं वाटतं’ म्हणतो. मला त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण आमच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद असते, त्यामुळे माझी सहानुभूती चौथ्या मजल्यापलीकडे चढत नाही.

डिव्हाइनचंच बघा. २०१३ चं ‘ये मेरा बॉम्बे’, २०१५ मध्ये नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’. ही गाणी ऐकून अंधेरी आणि कुर्ल्यात वाट चुकायची शक्यता कमी झाली. नेझीनं त्याआधी ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलं, त्याच आयपॅडवर चित्रित केलं आणि मोकळा झाला. पुढं डिव्हाइनचे अल्बम आले: २०१९ मध्ये ‘कोहिनूर’, २०२० मध्ये ‘पुण्य पाप’, २०२२ मध्ये ‘गुनहगार’. आधी हिरा, मग पाप-पुण्याचा हिशेब, शेवटी कबुली. कीर्तनकारालाही याहून नेटका क्रम लावता आला नसता. माझं मत विचाराल तर ‘कोहिनूर’ पहिला, ‘पुण्य पाप’ त्याच्या पाठोपाठ, आणि ‘गुनहगार’ची मांडणी सगळ्यांत घोटीव, पण त्यात खालून हाक मारणारे दोस्त कमी झालेले. वरच्या मजल्यावर हाक पोचत नसावी.

नव्या अल्बमांचं दुसरं दुखणं लांबीचं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं म्हणून मोजतात. हा नियम कळल्यापासून गाणी आखूड झाली आणि अल्बम लांबले. न्यूयॉर्कच्या नासनं १९९४ मध्ये ‘इलमॅटिक’ केला. दहा तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत सगळं उरकलं, आणि क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीचा जिना न् जिना लोकांना पाठ झाला. २०१८ मध्ये ड्रेकनं ‘स्कॉर्पियन’ काढला त्यात पंचवीस गाणी. त्यातली किती टाकाऊ हे मोजायलाही अल्बम पुरा ऐकावा लागतो, आणि तेच त्याला हवं असतं. या तक्रारीला एक सणसणीत अपवाद आहे. दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या जोडगोळीनं २०२३ मध्ये ‘लंच ब्रेक’ काढला, त्यात तीस गाणी! जेवणाची इतकी लांब सुट्टी मी फक्त सरकारी कचेरीत पाहिली आहे. पण या दोघांची ताकद अशी, की तिसाव्या गाण्यालाही ते पहिल्याइतकेच भुकेले वाटतात. दिल्लीचंच दुसरं नाव प्रभ दीप. २०१७ च्या ‘क्लास-सिख’मध्ये त्यानं पश्चिम दिल्लीतलं टिळकनगर असं उभं केलं, की लोकमान्यांच्या नावाच्या वसाहतीत काय काय चालतं हे ऐकून पुणेकर म्हणून मला बसल्या जागी घाम फुटला.

यादी सांगायला लागलो की मी थांबत नाही, त्यामुळे ‘गली बॉय’बद्दल थोडक्यात. १४ फेब्रुवारी २०१९ ला तो आला, तेरा फिल्मफेअर घेऊन गेला, ऑस्करला देशातर्फे जाऊन रिकाम्या हातानं परतला. सिनेमा चांगला होता. पण त्यानंतर देशात प्रत्येकाला आपण रॅप करू शकतो असं वाटायला लागलं. म्युच्युअल फंड रॅप करायला लागले. ओला कचरा आणि सुका कचरा यांच्यात यमक जुळवण्याचे प्रयत्न झाले. निवडणुकीत उमेदवार टोपी उलटी घालून, दोन बोटं खाली रोखून, ‘येऊन येऊन येणार कोण’ला ठेका लावू लागले. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पसायदानाचा रॅप ऐकला आहे. ज्ञानेश्वरांनी सगळं सोसलं, तेही सोसलं असतं. मागचा ठेका मात्र मला सोसला नाही.

अमेरिकेतल्या रॅपवर प्रेम करायचं तर अंगी वारकऱ्याची चिकाटी लागते. डॉक्टर ड्रेनं ‘डिटॉक्स’ नावाच्या अल्बमची हाळी दिली ती या शतकाच्या सुरुवातीला. येतोय, आला, जवळजवळ झालाच, थोडं काम राहिलंय. मुंबई-गोवा महामार्ग ऐकल्यासारखं वाटतं ना? शेवटी २०१५ मध्ये ‘तो काही जमला नाही’ असं सांगून त्यानं ‘कॉम्प्टन’ नावाचा दुसराच अल्बम हाती ठेवला. त्या बाबतीत डॉक्टर प्रामाणिक. आमच्याकडे दर गणपतीला नवी तारीख मिळते.

दुसरी वाट पाहिली ती आउटकास्टच्या आंद्रे ३००० ची. २००६ नंतर या गृहस्थाचा अल्बमच नाही. अधूनमधून कुणाच्या तरी गाण्यात येऊन एखादं कडवं असं फेकून जायचा की यजमानाचं गाणं त्याच्याच नावावर जावं. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘न्यू ब्लू सन’ आला. सत्त्याऐंशी मिनिटं. शब्द एक नाही. सगळी बासरी! मी तो शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना ऐकवला. डोळे मिटून ऐकला त्यांनी. म्हणाले, ‘हे बरं आहे. हा कुठल्या घराण्याचा?’ मी म्हटलं, ‘अटलांटा.’ ते म्हणाले, ‘हरिप्रसादजींचं ऐकलेलं दिसतंय.’ माझ्या रॅपच्या संग्रहातला त्यांनी वाखाणलेला हा एकमेव अल्बम, आणि त्यात रॅप नाही.

हेच शेजारी मला दर भेटीत सांगतात, ‘रॅप रॅप काय करता, तो आपला पोवाडाच.’ हे वाक्य मी उद्घाटनांत, परिसंवादांत आणि एका साखरपुड्यात ऐकलेलं आहे. ऐकणारे समाधानानं मान डोलवतात, कारण आपलंच काहीतरी परदेशातून परत आलं याचा आनंद असतो. मला हे पटत नाही. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचं शौर्य गातो. अज्ञानदासानं अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, त्यात खानाला आपणच मारला असा दावा केलेला नाही. रॅपर दुसऱ्याचं शौर्य गायला लागला तर त्याला त्याच्या गल्लीत परत घेणार नाहीत. आमचे संत तर आपलं नाव अगदी शेवटच्या ओळीत, हळूच ठेवायचे. रॅपर ते पहिल्या सेकंदाला ओरडतो, आणि त्याच्याही आधी बीट बनवणाऱ्याचं नाव वाजून गेलेलं असतं.

नातं जोडायचंच असेल तर कलगी-तुऱ्याशी जोडा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. समोरासमोर फड लागायचे. एकानं कवनातून कूट घालायचं, दुसऱ्यानं ते उलगडायचं, आणि उलगडता उलगडता पहिल्याची अब्रू काढायची. हे पहाटेपर्यंत. मे २०२४ च्या सुरुवातीला केन्ड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांनी नेमकं हेच केलं. शुक्रवार-शनिवारी तासातासाला गाणं पडत होतं. एकाचं गाणं पुरतं समजून घ्यावं तोवर दुसऱ्याचं उत्तर हजर. त्यातून निघालेल्या केन्ड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’नं पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळवले. त्याआधीच, भांडण ताजं असताना, जूनमध्ये लॉस एंजेलिसला केन्ड्रिकनं जलसा केला तेव्हा हे गाणं एकाच रात्री लागोपाठ पाच वेळा म्हटलं. वन्स मोअर घ्यायची ही पद्धत मराठी रंगभूमीवरून उठून गेली ती तिकडं जाऊन राहिली, हे पाहून बरं वाटलं.

या भांडणात मला खरा जवळचा वाटला तो तिसराच, जे. कोल. त्यानं एप्रिलमध्ये केन्ड्रिकला डिवचणारं गाणं काढलं. दोन दिवसांनी स्वतःच्याच महोत्सवात, स्वतःच्याच प्रेक्षकांसमोर म्हणाला की हे करून मला झोप लागली नाही, चूक झाली, गाणं मागं घेतो. आणि खरंच घेतलं. रॅपच्या इतिहासात हा प्रकार इतका दुर्मीळ की पोरांनी त्याची महिनाभर टर उडवली. मला मात्र तो त्या दिवशी आमच्या लेन नंबर चारमधला वाटला. रात्री तावातावानं मेसेज टाकायचा आणि सकाळी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’.

आणि ड्रेक? तो कोर्टात गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्यानं आपल्याच रेकॉर्ड कंपनीवर बदनामीचा दावा ठोकला, की ‘नॉट लाइक अस’ पसरवून तुम्ही माझी अब्रू घालवली. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी तो फेटाळला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आम्हाला शाळेत शिकवतात. ड्रेकच्या टोरंटोच्या अभ्यासक्रमात नसावं. कलगीवाल्यानं तुरेवाल्याच्या कवनावर वकिलाची नोटीस पाठवली असती तर दोघांचाही फड बसला असता.

केन्ड्रिक मात्र जिंकल्यावर घरी गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुणाला न सांगता त्यानं ‘जीएनएक्स’ सोडला. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत. १९८७ च्या एका ब्यूक मोटारीचं नाव अल्बमला. जगातल्या मोठमोठ्या गायकांचीच रांग लावता आली असती, पण त्यानं लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांतली, बाहेर कुणी ऐकली नसतील अशी पोरं बोलावली आणि तिथलीच एक मरियाची गाणारी बाई आणली. पुलित्झर मिळालेला माणूस, सुपर बोलच्या मैदानावर गाणारा माणूस, आणि अल्बमभर आपल्या शहराचा पत्ता सांगतोय. अलीकडच्या वर्षांत मला याहून चांगला अल्बम मिळालेला नाही. भाचाही यावर सहमत आहे, त्यामुळे मी माझं मत पुन्हा एकदा तपासून पाहिलं. ते टिकलं.

आता आपल्याकडे. मराठी रॅपला पहिला अडथळा पोलिसांचा नाही, शुद्धलेखनाचा. पोरगा तीन मिनिटं जीव तोडून सांगतो की झोपडी पाडली, बापाचं काम गेलं, मास्तरनं वर्गाबाहेर बसवलं. ऐकणारा सद्गृहस्थ शेवटी म्हणतो, ‘आशय ठीक आहे, पण पाणीचा ण नीट लागला नाही.’ ही माणसं उद्या रॅपच्या परीक्षा सुरू करतील याची मला धास्ती आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद. तोंडी परीक्षेत विचारतील, ‘ट्रॅप म्हणजे काय ते सांगून हातावर ठेका देऊन दाखवा.’ विशारद झालेल्या मुलीला स्थळं चांगली येतील. धारावीत मात्र मुलांना हिपहॉप फुकट शिकवणारी शाळा गेली काही वर्षं चालू आहे, आणि तिथं अजून कुणी ‘ण’ तपासल्याचं ऐकिवात नाही.

धारावीचं मला भारी कौतुक. ‘डोपडेलिक्स’ नावाचा तिथला गट हिंदी, मराठी, तमिळ आणि इंग्रजी एका गाण्यात फिरवतो, कारण त्यांच्या गल्लीत तसंच बोलतात. रजनीकांतच्या ‘काला’त हीच पोरं होती. त्यांच्या एका गाण्याचं नाव आहे ‘आई शपथ साहेब मी नव्हतो’. पोलीस आणि वस्ती यांच्या नात्यावर लिहिलेले जाडजूड प्रबंध मी चाळलेले आहेत. या नावात जेवढं आहे तेवढं त्यांत नव्हतं.

‘स्वदेसी’ हा दुसरा गट. आरेतल्या झाडांचा लढा पेटला होता तेव्हा त्यांनी तिथल्या आदिवासी पाड्यातल्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. पाड्यातला माणूस आणि रॅपर एकाच गाण्यात, आणि कुणीही कुणाचं भाषांतर करत नाही. याच गटातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. मुंबईतल्या गुजरातीला शेअर बाजार आणि फाफडा यांपलीकडेही तोंड आहे हे त्या मुलानं दाखवलं होतं.

आणि अमरावती. नाव लिहितो १०० आरबीएच, वाचायचं सौरभ. वऱ्हाडी वळणाच्या मराठीत हा माणूस असा सुटतो की मुंबईचे भलेभले मागं बघायला लागतात. २०२३ मध्ये एमटीव्हीच्या ‘हसल’ कार्यक्रमात त्यानं ती भाषा देशाला ऐकवली आणि खाली अनुवादाची पट्टी असली-नसली तरी कुणाचं अडलं नाही. त्याच अमरावतीचा विपिन तातड बाबासाहेबांचा विचार ठेक्यावर मांडतो. हे दोघं ऐकले की कळतं, विदर्भाचा अनुशेष सिंचनात असेल, यमकात नाही.

पुणेकरांना आणि मुंबईकरांना मात्र आपला माणूस चांगला आहे हे बाहेरून कळवावं लागतं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन’ रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं. मग आम्ही लग्नाच्या वरातीत ते लावलं. (ते हाउस संगीत आहे, काटेकोर रॅप नव्हे, हे मी प्रत्येक वरातीत सांगत असतो. वरातीत लोक फारसं ऐकून घेत नाहीत.) त्याच वर्षी केरळच्या हनुमानकाइंडनं जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये उभं राहून ‘बिग डॉग्ज’ म्हटलं आणि जगाला पुरून उरला. मौत का कुआँ आमच्याकडच्या जत्रांतही होता की हो! आम्ही त्यात फक्त नाणी फेकली.

‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ म्हणणाऱ्या व्यासपीठांची एक गंमत सांगायची राहिली. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. मुंबई कशी आहे ते त्यांनी वगातून आणि लावणीतून पत्त्यासकट सांगितलं, आणि त्या काळच्या सरकारनं त्यांच्या तमाशावर बंदी घातली. आता त्यांच्या जयंतीला सगळे पक्ष हार घालतात. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे नावाच्या तरुणानं राज्यातल्या खोक्यांच्या राजकारणावर मराठीत रॅप केला, तर अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. म्हणजे पोवाडाच आहे तर. एवढ्या एका पुराव्यावर मी शेजाऱ्यांचं म्हणणं मान्य करायला तयार आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. मराठी रॅपचा कार्यक्रम तुमच्या गावात लागला तर तिकीट काढून जा. ‘ओळखीत कुणी आहे का, दोन पास मिळतील का’ असा फोन कुणाला करू नका. नाटकांचं आपण ते करून झालेलं आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू होणार नाही, बसायला खुर्ची नसेल आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळणार नाही. कानांत घालायला कापसाचे बोळे न्यायला हरकत नाही, पण पहिल्या गाण्याला तरी ते खिशातच राहू द्या.